जामणपाणीचे आठ धूर

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी नंदुरबारच्या एस.टी. स्टँडवर मी एकटाच उभा होतो. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एक जादा धोतर, होकायंत्र, शाळेतला गुंडाळलेला नकाशा आणि मुख्याध्यापकांनी दिलेला एक कागद. बरोबर येता का म्हणून शाळेतल्या तिघा मास्तरांना विचारून पाहिलं होतं. एकाला सासुरवाडीला जायचं होतं, दुसऱ्याची पाठ धरली होती आणि तिसऱ्याने "डोंगरात बघायचंय काय?" असं विचारून मलाच गप्प केलं. तेव्हा एकट्याने निघालो. एकटेपणाची मला सवय होती. पण सवय झाली म्हणजे गोष्ट आवडायला लागते, असं काही नाही.

कागदाची हकिकत सांगायला हवी. सव्वीस वर्षं मी भूगोल शिकवला, त्यातली शेवटची आठ नंदुरबारला. एवढ्या वर्षांत एकदाही वर्ग घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर गेलो नाही. इथे आल्यापासून चार वेळा सहलीचा अर्ज केला. दर वेळी मुख्याध्यापक म्हणायचे, "मास्तर, तापी फळ्यावर काढा. फळ्यावरच्या नदीत कोणी बुडत नाही." त्यांचंही चुकत नव्हतं. दुसऱ्याची पोरं सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही. पण मार्चअखेर मी निवृत्त होणार होतो आणि नववीचा हा वर्ग माझा शेवटचा. पाचवा अर्ज दिला तेव्हा त्यांना दया आली असावी. त्यांनी अटी लिहून दिल्या: मार्ग मी आधी स्वतः पाहून यावा, मुक्कामाचं गाव नकाशावर दाखवावं आणि मुलांची सोय माझ्या नजरेखाली व्हावी. कागदाच्या तळाशी 'मुक्कामाचे गाव' असा एक रकाना रिकामा होता. तो भरला तर सहल, नाहीतर आहेच आपली फळ्यावरची नदी.

नकाशा पाहून मी जामणपाणी हे नाव निवडलं होतं. अक्कलकुव्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या घडीत एक बारीक ठिपका. वाटेत तापी, काळी जमीन, मग डोंगर, असं सगळं एका ओळीत येत होतं. नकाशात तरी येत होतं.

प्रकाशा गावाच्या अलीकडच्या काठाला उतरलो आणि उताराने खाली नदीवर गेलो. आठ वर्षं मी तापीपासून इतक्या जवळ राहत होतो आणि तिच्यात पाय घातला नव्हता, हे सांगायलाही लाज वाटते. निळ्या खडूने मी ती शेकडो वेळा काढली असेल, एकाच फटकाऱ्यात, डावीकडे वळणारी. इथे तिला उंच दरडी होत्या, वाळूची बेटं होती, आणि पाणी निळं नव्हतं. वाकून हात घातला. पाणी माझ्या समजुतीपेक्षा ओढीचं होतं.

"काय करी ऱ्हायनात मास्तर?" नाववाल्याने विचारलं. मास्तर हे त्याने कसं ओळखलं कोण जाणे. टोपीवरून असेल, नाहीतर धोतरावरच्या खडूवरून.

"नदी कुठल्या दिशेने वाहते ते बघतो."

"मावळतले जास. मन्हा बापना येळपासीन मावळतलेच जाई ऱ्हायनी." (माझ्या बापाच्या वेळेपासून पश्चिमेकडेच जाते आहे.) मग नाव लोटता लोटता तो म्हणाला, "एकलाच शेतस का? संगे कोणी नही?"

"नाही."

"घर बी कोणी नही?"

"नाही. बायको वारली, बरीच वर्षं झाली."

त्याने एका बाजूने वल्हं मारून नाव सरळ केली. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "मंग घर जाईसन कोणले सांगशात, काय देखं ते?" (मग घरी जाऊन कोणाला सांगाल, काय पाहिलं ते?)

नाव पैलतीराला लागली, त्याचा निरोप घेतला, तरी तो प्रश्न माझ्याबरोबरच वाळूतून वर चढला.

त्या काठाला गुजर शेतकऱ्यांची गावं. कापूस फुटलेला, केळीच्या बागा, उसाच्या कडेने पाटाचं पाणी. एका पाटीलबाबांनी बैलगाडीत बसवून घेतलं, चार केळी हातावर ठेवली आणि वाटेत कापसाच्या जाती सांगितल्या. त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या. त्यांचं गाव भिंतीला भिंत लावून बसलेलं. मधोमध मंदिर, चावडी, पार. मी वहीत लिहिलं, 'केंद्रित वस्ती. पुस्तकाबरहुकूम.' आणि मनात म्हटलं, बघा, पुस्तक काही खोटं नसतं. पुस्तकात पुढे असंही वाक्य आहे की, अशा वस्तीत माणसे जवळ राहत असल्याने परस्पर सहकार्य वाढते. ते मी दर वर्षी मुलांना उतरवून देतो.

खरं सांगायचं तर हे वाक्य सांगताना अलीकडे माझा आवाज जरा खाली येतो. नंदुरबारला मी ज्या गल्लीत राहतो तिथे शेजारच्या घरातली फोडणी माझ्या खोलीत जळते, इतकी घरं जवळ. मागच्या भाद्रपदात मला ताप आला. तीन दिवस मी आतून कडी लावून पडून होतो. शेजारचं बोलणं, भांडण, लेकराचं रडणं, सगळं ऐकू येत होतं. कडी कोणी वाजवली नाही. त्यांना दोष देत नाही. मास्तर कधी घरी असतो, कधी नसतो, चूलही रोज पेटवत नाही, हॉटेलात चहा पितो. त्यांना कळावं तरी कसं? पण वाईट वाटलं ते वाटलं.

तळोद्याहून मोटार मिळाली. अक्कलकुव्याला रात्र काढून सकाळी खापरला पोचलो. खापरचा त्या दिवशी बाजार. डोंगरातली माणसं टोपल्या घेऊन उतरलेली. चारोळी, डिंक, गवताचे झाडू, बांबूच्या टोपल्या. बदल्यात मीठ, तेल आणि एखादी बांगडी घेऊन परत चढायची. गुजरात इथून हाकेच्या अंतरावर. राज्यं नुकतीच वेगळी झालेली, आमच्या शाळेच्या नकाशात मात्र अजून जुनं मुंबई राज्यच होतं. दुकानदाराला म्हटलं, सीमा कुठे आहे? त्याने तराजू खाली न ठेवता हनुवटीने एक दिशा दाखवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मीठ तोलून दिलं.

त्यानेच मला दित्या दाखवला. "हाऊ जामणपाणीनाच शे. याना संगे जा." दित्या चाळिशीचा, काटक, डोक्याला फेटा, खांद्यावर मिठाचं गाठोडं. त्याच्या घरची बोली भिली, पण बाजारापुरती अहिराणी-मराठी तो बोलायचा. त्या बोलण्यात मास्तरही 'तू' आणि देवही 'तू'. मला ते आवडलं. बऱ्याच दिवसांत मला कोणी तू म्हटलं नव्हतं.

चार तास चढलो. तो पुढे, मी मागे. सागाची पानं पिवळी पडायला लागली होती. मध्येच तो थांबून माझ्यासाठी पाणी काढायचा, झऱ्याच्या वाळूत हाताने खळगा करून. गढूळ पाणी उपसून टाकायचं, दुसरं येतं ते नितळ. भूजल हा धडा मी त्या क्षणापर्यंत समजून न घेता शिकवत होतो.

दुपारी एका ओढ्यावर आलो. दित्या म्हणाला, "उनं (आलं) जामणपाणी. ते मन्हा घर." वर टेकडीच्या खांद्यावर एक कौलारू घर होतं, बांबूच्या कुडाचं, भोवती ज्वारी. "चाल, भाकर खा."

मी म्हटलं, "आधी गावात जाऊन येतो. मुक्कामाची जागा बघायची आहे, तुमच्या कारभाऱ्याला भेटायचं आहे. मग येतो."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पाहुण्याला अडवायचं नाही, ही त्यांची रीत. "जा," म्हणाला.

मी ओढ्याकाठाने पुढे निघालो. वीसेक मिनिटांनी एक घर लागलं. अंगणात एक म्हातारी उडीद झोडपत होती. विचारलं, "आजी, जामणपाणी कुठे?" तिने काठी थांबवून जमिनीकडे बोट केलं. मला वाटलं, तिला कळलं नाही. पुढच्या घराने हात गोल फिरवून सगळे डोंगर दाखवले. तिसऱ्या घरी ताक मिळालं, गाव नाही मिळालं. मी चढलो, उतरलो, एक खिंड ओलांडली, चपलेचा अंगठा तुटला तो सुतळीने बांधला, आणि प्रत्येक वळणावर वाटायचं की आता दिसेल: पार, मंदिर, घरांची दाटी, एखादं कुत्रं भुंकेल. एका टेकडीवर एक घर, मग शेत, मग दरी, मग पलीकडे एक घर. ऊन उतरलं. पायात गोळे आले. ह्या मुलखात माझं नाव ठाऊक असलेलं एकही माणूस नाही आणि आता इथेच पडलो तर कोणाला कळणारही नाही, हे एकदम मनात आलं आणि मी घाबरलो. तसाच मागे फिरून ओढा धरला.

ओढ्यावर दित्या दगडावर बसला होता. तो तिथे दुपारपासून होता, हे त्याच्या पायाजवळच्या विड्यांच्या थोटकांवरून कळत होतं.

"गाव सापडलं नाही," मी म्हटलं.

"हाऊच गाव शे," दित्या म्हणाला. "तू दुपारपासून गावमाच फिरी ऱ्हायना. मी देखी ऱ्हायनू."

मी खाली बसलो. 'डोंगराळ प्रदेशात वस्ती विखुरलेली असते.' सव्वीस वर्षं हे वाक्य मी सांगितलं, मुलांकडून घोकून घेतलं, पाठ नसलं तर छडी दिली. आणि त्याच वाक्याच्या मधोमध उभा राहून मी दुपारभर त्याचा पत्ता विचारत हिंडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मला हसू आलं, मग तेही आवरेना. दित्या हसला नाही. त्याने माझी पिशवी उचलली.

त्याच्या बायकोचं नाव सेगी. तिने मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि अंबाडीची भाजी वाढली. मी इतकं कधी जेवलो नव्हतो. तिने माझी तुटकी चप्पल बघितली आणि काही न बोलता दित्यापुढे सरकवली. त्याने चामड्याचा तुकडा शोधून अंगठा शिवून दिला.

सकाळी उजाडताना जाग आली तेव्हा दित्या अंगणात उभा राहून समोरच्या टेकड्यांकडे पाहत होता. एकेका घराच्या कौलांतून धूर वर येत होता. तो तोंडातल्या तोंडात काही म्हणत होता. विचारलं, तर सांगितलं, "धूर देखस. बठा उनात का नही." (सगळे आले की नाही.)

"आणि एखादा नाही आला तर?"

"हाक मारू. हाक नही उनी, त कोणी जाई." त्यात त्याला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "गयता साल त्या वरना घरमा डाया (म्हातारा) पडना व्हता. धूर नही उना. आम्ही गयूत."

मी तिथेच अंगणात उभा राहिलो. आमच्या गल्लीतल्या भिंती आठवल्या. इथे एका घरापासून दुसरं घर दोन शेतं आणि एक दरी ओलांडून, आणि तरी सकाळी कोणीतरी तुमचा धूर पाहणारं. मला त्या माणसांचा हेवा वाटला. साठीकडे झुकलेल्या माणसाने हेवा करू नये, पण वाटला.

त्या दिवशी दित्याबरोबर मी सगळं गाव पुन्हा फिरलो, आता डोळे उघडे ठेवून. त्याचं घर धरून आठ घरं मुलांना ठेवून घ्यायला तयार झाली. घरटी तीन मुलं. कारभाऱ्यानेही मान हलवली. मी नकाशावर ठिपका काढला नाही, आठ ठिपके काढले.

परतल्यावर मुख्याध्यापकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "गाव कुठे आहे यात?"

"हे सगळं गाव आहे, सर."

"आणि मुलं आठ टेकड्यांवर? नजरेखाली म्हटलं होतं मी."

"दित्याच्या अंगणातून सगळी घरं दिसतात. रोज सकाळी धूर मोजीन."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक कमी भरला तर?"

"तर धावत जाईन."

"या वयात?"

"हो."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग सही केली आणि म्हणाले, "मास्तर, एक जरी कमी भरला ना, तर शाळेत पाऊल ठेवू नका." ते चेष्टेत म्हणाले नव्हते.

जानेवारीत नववीची चोवीस मुलं आणि शाळेचा शिपाई घेऊन निघालो. सगळं सांगत बसत नाही. तापीत मुलांनी हात घातले, नाववाल्याने त्यांनाही मावळतीचं ऐकवलं आणि मला म्हणाला, "आज एकला नही शेतस." खापरच्या चढावर तिघांनी पाय दुखतात म्हणून बैठक मारली आणि बोरं दिसताच उठून पळाली. झऱ्यापाशी खळगा काढून दाखवला तर एकाने विचारलं, "सर, हेच भूजल? मग पुस्तकात एवढं अवघड का लिहिलंय?" ओढ्यावर पोचल्यावर मी त्यांना म्हटलं, "आता जामणपाणी शोधा." दोन तास शोधत होती. मी दित्यासारखा दगडावर बसून राहिलो. मग त्यांना धुराची रीत सांगितली आणि तिघातिघांना घराघरांत पोचवलं. माझ्या वाट्याची तीन मुलं दित्याच्या घरात, माझ्याजवळ झोपली.

पहाटे थंडी कडक होती. मला झोप अशी लागलीच नव्हती. फटफटताच कांबळं गुंडाळून अंगणात आलो आणि दित्यालाही उठवून बाहेर आणलं. पहिला धूर खालच्या घराचा. मग दोन एकदम. मग म्हातारीचा. पाच. सहा. खिंडीजवळचा सातवा, शिपाई तिथेच होता. मग कितीतरी वेळ काही नाही. मी पुन्हा मोजलं. सात. उलटीकडून मोजलं. सात. कोणत्या घरी कोणती मुलं, तेही आठवेना. मुख्याध्यापक आठवले नाहीत. तीन मुलांचे आईबाप आठवले. "दित्या, एक कमी आहे," म्हणत मी उताराला लागलोसुद्धा.

दित्याने मागून माझं कांबळं धरलं. "मास्तर, आपला धूर कोठे शे?"

मी मागे वळून पाहिलं. दारात सेगी चुलीसाठी फाटी हातात घेऊन उभी होती. माझी लगबग बघून तीही काय झालं ते पाहायला बाहेर आली होती. चूल पेटलीच नव्हती. लहानपणी कीर्तनात, स्वतःला मोजायचं विसरल्याने दहावा माणूस न सापडणाऱ्या मूर्खांची गोष्ट ऐकून मी पोट धरून हसलो होतो. आता मी कांबळ्यात तोंड लपवलं. सेगी आत गेली. थोड्या वेळाने आमच्या कौलांतूनही धूर निघाला.

नंदुरबारला सगळी मुलं सुखरूप आली. स्टँडवर त्यांचे आईबाप, भाऊबहिणी उभ्या होत्या. एकेक मूल कोणाकोणाच्या हाताला लागून गेलं, सगळी एकदम बोलत होती. दहा मिनिटांत स्टँड रिकामा झाला. मी पिशवी घेऊन खोलीवर आलो, कुलूप काढलं. खोलीत आठवड्याचा कोंदट वास होता. नाववाल्याचा प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला.

आठ दिवसांनी मुलांनी सहलीच्या वह्या दिल्या. त्या मी रविवारी दुपारी तपासायला घेतल्या. बहुतेकांनी तेच लिहिलं होतं, जे मी सांगितलं होतं. एक वही तेलघाणीवाल्यांच्या मुलाची, अक्षर वेडंवाकडं. हा मुलगा आजवर परीक्षेत दोन ओळींपलीकडे गेला नव्हता. तो खिंडीजवळच्या घरात राहिला होता. त्याने जामणपाणीचा नकाशा काढला होता. ओढा उजवीकडे हवा तो डावीकडे, उत्तर दिशा दाखवलीच नव्हती. आठ घरं, प्रत्येकावर पेन्सिलीची धुराची रेघ. आणि एका घराजवळ लिहिलं होतं:

'हे सरांचे घर. सकाळी सगळ्यांचा धूर आला, सरांचा आला नाही. घरच्या बाईंनी भाकरी दिली. आम्ही खाल्ली नाही. शिपाईकाका जायला निघाले होते. मग धूर आला. मग खाल्ले.'

मी वही मिटली. पुन्हा उघडली. त्या सकाळी मी टेकड्यांवर सात धूर मोजत होतो, तेव्हा समोरून कोणीतरी माझा मोजत होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. खोलीत कोणी नव्हतं, म्हणून ते येऊ दिलं. लाल शाईने ओढ्याची चूक दुरुस्त केली, उत्तर दिशा काढून दिली. त्या ओळींखाली काय शेरा द्यावा हे मात्र सुचेना. शेवटी 'बरोबर' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलात गेलो नाही. शेगडी दाराबाहेर आणली आणि उजाडायच्या आत पेटवली.